घड्यावरचे मासे

खर्ड्याजवळच्या आमच्या शाळेत एक बाई वस्तुसंग्रहालयाच्या वेबसाइटवरची चित्रं मोबाईलवर दाखवून शिकवतात. जुन्या घड्यावरचे मासे गणिताच्या तासाला मोजायचे, भाषेच्या तासाला त्यांची गोष्ट सांगायची. "आधी बघा, मग बोला," हे थकलेल्या आवाजात रोजचंच.

दिवाळीनंतर वर्गातली एक मुलगी आईबापाबरोबर ऊसतोडीला निघाली. बाईंनी तिच्या आईच्या मोबाईलवर घड्याचं चित्र पाठवलं. "रोज बघ आणि काय दिसलं ते मला सांग."

आठवड्याने मुलीचा व्हॉइस मेसेज आला, "बाई, चित्र उघडतच न्हाई. पर आज मी उसाच्या मोळ्या मोजल्या."

बाईंनी 'शाबास' लिहिलं. मग मेसेज पुन्हा ऐकला; मोळ्या मोजायच्या म्हणजे पोर फडात कामाला लागली होती, म्हणून ते न पाठवताच पुसलं.