शोषखड्डा दारातच होणार!

मंडळी, आज राजुरीत आमच्या नव्या घरापुढं लई वाजलं.

संडासाच्या टाकीचं पाणी मुरवायला गवंड्यानं घरामागं शोषखड्डा खणला. मागं सगळी काळी चिकण माती, पुढं दारात मात्र मुरूम. म्हणून काल मी हट्टानं दारातही एक खड्डा खणून घेतला आणि दोन्हींत सारखंच पाणी ओतलं.

आज सकाळी बघते तर मागच्या खड्ड्यात पाणी जसंच्या तसं, वर बेडूक येऊन बसलेला. दारातला खड्डा कोरडा ठणठणीत.

तरी सासरे म्हणाले, "आगं, दारात संडासाचा खड्डा? पावणं काय म्हणतील?"

मी म्हटलं, "मामा, पावसाळ्यात तेच पाणी उलटं घरात आलं, तर पावणं काय म्हणतील?"

गवंडी मधेच बोलला, "ताई, गावात समदे मागंच करत्यात."

"आन् दरवर्षी उपसायला गाडी बी समदेच बोलावत्यात!"

मागच्या खड्ड्यात आता अळू लावणार, त्याला ओल लागतेच. दारातल्यावर फरशी टाकणार आणि पावणं आले की खुर्च्या तिथंच मांडणार.

तुमच्याकडं शोषखड्ड्याची जागा कोण ठरवतं, माती की पावणं?