कडुबांनी सोडलेला अध्याय

कडुबा वाघचौरे यांनी वाळूजच्या एका कारखान्यात तीस वर्षं प्रेस मशीन चालवलं. निवृत्तीनंतर दर श्रावणात ते कॉलनीतल्या मारुतीच्या देवळात महाभारताची पोथी लावतात. शेजारचे राजेंद्र ओवी वाचतात, कडुबा अर्थ सांगतात. मरणाच्या प्रसंगावर पोथी ठेवायची नाही, पुढं काही चांगलं घडेपर्यंत वाचत राहायचं, ही वैजापूरकडची रीत त्यांनी इथंही पाळली आहे.

यंदा गीताबाई पोथीला आल्या तेव्हा बायकांनी सरकून जागा दिली आणि नळाच्या पाण्याचा विषय काढला. गीताबाईंचा मुलगा प्रणय फेब्रुवारीत मोटारसायकलच्या अपघातात गेला. तेव्हापासून कॉलनीत त्यांच्यासमोर त्याचं नाव कुणी घेतलेलं नव्हतं.

चक्रव्यूहाचा अध्याय आला. कडुबांनी राजेंद्रना खूण केली आणि पानं उलटली. गीताबाई पहिल्या श्रावणापासूनच्या श्रोत्या, काय सोडलं ते त्यांना लगेच कळलं. त्या उठून गेल्या आणि दुसऱ्या दिवशी आल्याच नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी कडुबा त्यांच्या घरी गेले.

"वैनी, तुमाला तरास व्हईल म्हून सोडलं," ते म्हणाले.

"आन आता व्हत नाय का? पोराचं नाव कुणीच काढंना. पोथीतलं बी तुमी झाकलं."

चहा पिऊन कडुबा परत आले.

संध्याकाळी त्यांनी सोडलेली पानं काढली. गीताबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. पोथीत अर्जुनाचा मुलगा पडला. बाप संध्याकाळी छावणीत परतला तर वाद्यं बंद, आणि नजरेला नजर द्यायला कुणी तयार नाही. पोरगा कुठं आहे, असं अर्जुन पुन्हा पुन्हा विचारतो, इथपर्यंत कडुबांनी अर्थ सांगितला. राजेंद्रनी सवयीनं पुढचं पान धरलं.

"आज हितंच ठिवा," गीताबाई म्हणाल्या.

म्हातारे श्रोते चुळबुळले. एकानं रीत बोलून दाखवली. कडुबांनी क्षणभर पोथीकडं पाहिलं आणि तिच्यावर कापड बांधलं.

आरती झाली तरी बायका हलल्या नाहीत. मग त्यांच्यातल्या करुणानं विचारलं, प्रणय त्या दिवशी कुठं निघाला होता. गीताबाई सांगू लागल्या. त्याच्या गाडीचं चाक पंक्चर झालं होतं, म्हणून तो मित्राची गाडी घेऊन वेरूळला निघाला होता. डबा घरीच विसरला होता. डब्यात मेथीची भाजी होती. तो डबा दोन दिवस ओट्यावर तसाच होता.

देवळाला कुलूप लावायची वेळ टळून गेली. कडुबा किल्ली हातात धरून पायरीवर बसून राहिले.