हिरुळकरकाकांचा सत्कार

'आता तुम्ही थांबा' हे मराठी माणसाला समोरच्याच्या तोंडावर सांगता येत नाही. तो सत्कार करतो. शाल पांघरतो, हातात नारळ देतो आणि समोरच्याने काय ते समजून घ्यावं अशी अपेक्षा ठेवतो. अमेरिकेतल्या कॅरी गावच्या आमच्या सॉफ्टबॉल टीमने गेल्या वर्षी नेमकं हेच केलं आणि ते आमच्या चांगलंच अंगाशी आलं.

देवदत्त हिरुळकर मूळचे अमरावतीचे. महाराष्ट्रात क्रिकेट सोडून आणखी काही खेळलं जातं हे पुण्या-मुंबईच्या लोकांना पटत नाही, त्यात मीही आलो. पण विदर्भात आणि खानदेशात कॉलेजच्या मैदानांवर सॉफ्टबॉल जोरात चालायचा, अजून चालतो. बेसबॉलचाच धाकटा भाऊ, बॉल जरा मोठा आणि मैदान जरा लहान. काका नागपूर युनिव्हर्सिटीकडून खेळलेले. ऐंशीच्या दशकात केमिस्ट्री शिकायला इकडे आले आणि पुढे एका औषध कंपनीत लागले. पहिल्या कंपनी पिकनिकला सहकाऱ्यांनी त्यांना गंमत म्हणून मैदानात उभं केलं. या बारक्या इंडियन माणसाने अंगावर आलेले बॉल उचलून असे काही फेकले, की बाकीचे हातातले हॉटडॉग विसरले. तेव्हापासून कंपनीत ते 'डेव्ह' झाले. डेव्ह लॅबमध्ये नेमकं काय करतो हे फार जणांना ठाऊक नसायचं, पण डेव्ह शॉर्टस्टॉपला उभा राहतो हे सगळ्या बिल्डिंगला माहीत होतं.

बेस म्हणजे पळताना गाठायची ठिकाणं, आणि शॉर्टस्टॉप ही दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा. बहुतेक लोक उजव्या हाताने खेळतात, म्हणून सगळ्यात जास्त आणि सगळ्यात जोरात बॉल तिथेच येतात. टीममधला सगळ्यात चपळ माणूस तिथे ठेवतात. काका तिथे तिशीत होते, चाळिशीत होते, पन्नाशीत होते. कंपनीतली तरुण मुलं येऊन गेली, जागा काकांचीच राहिली.

पुढे कॅरीत मराठी माणसं वाढली तेव्हा त्यांनीच आम्हाला गोळा करून 'सह्याद्री' नावाची टीम काढली आणि गावच्या रविवारच्या लीगमध्ये घातली. बाया-पुरुष सगळे एकत्र. मला कॅप्टन केलं ते माझ्याकडे मोठी व्हॅन आहे म्हणून. किटच्या बॅगा माझ्याकडेच राहतात. खेळ मात्र आम्हाला काकांनी शिकवला आणि ते काही सोपं काम नव्हतं. बॉल मारला की आम्ही सगळे बॅट हातात घेऊनच पळायचो, आणि बेसजवळ आलं की ती क्रीजमध्ये टेकवावी तशी जमिनीवर टेकवायचो. अंपायर हसून बेजार व्हायचा. काका बाउंड्रीवरून ओरडायचे, "बॅट टाक बे, ती काय घरी न्यायची आहे का?" मी हे करायचं सोडायला पूर्ण दोन सीझन घेतले.

काका पासष्टीला रिटायर झाले आणि त्यांच्याकडे रविवारच तेवढा उरला. मुलगी अंतरा पार पश्चिम किनाऱ्यावर बेलव्ह्यूला, तिचा फोन शनिवारी. सोमवारी काका कालच्या मॅचबद्दल बोलायचे, बुधवारपासून पुढच्या रविवारचा पाऊस बघायचे. शोभनाकाकू घडीची खुर्ची आणि चहाचा थर्मास घेऊन प्रत्येक मॅचला यायच्या. त्यांना खेळातलं काही कळत नाही असं त्या म्हणायच्या, आणि मी बरीच वर्षं त्यावर विश्वास ठेवला.

मग काका हळू झाले. एकदम नाही, पण झाले. आधी डावीकडचे बॉल सुटायला लागले, मग सरळ अंगावर आलेले. एक उसळून हनुवटीला लागला आणि दोन टाके पडले. पुढच्या रविवारी काका हनुवटीला पट्टी लावून परत शॉर्टस्टॉपला. मला ते बघून काळजी वाटायची आणि रागही यायचा. राग जास्त स्वतःचा, कारण कोण कुठे उभं राहणार हे सांगणं कॅप्टनचं काम, आणि मी दर रविवारी "काका, तुम्ही आहातच" एवढं म्हणून मोकळा व्हायचो.

त्यात चारुता आली. तिशीची, जळगावची, इथे एका बँकेच्या आयटीत. सॉफ्टबॉल महाराष्ट्राकडून खेळलेली, तीही शॉर्टस्टॉपलाच. पहिल्याच प्रॅक्टिसला तिने बॉल फेकला आणि पहिल्या बेसवर उभ्या असलेल्या अमितने ग्लव्ह काढून हात झटकत बसकण मारली. काका सगळ्यात जास्त खूश झाले. म्हणाले, खानदेशी हात आहे. आणि तिला लेफ्ट फिल्डला, म्हणजे आपल्याच मागे लांब, उभं करून स्वतः आपल्या जागेवर गेले.

व्हॉट्सअॅपवर काका नसलेला आमचा एक ग्रुप निघाला. त्यावर सगळे वाघ. काकांना सांगायलाच पाहिजे, टीमचं नुकसान होतंय, उद्या डोळ्याला लागलं तर? पण सांगणार कोण, तर प्रत्येक जण मूग गिळून बसलेला. शेवटी विक्रमने तोडगा काढला. सीझन सुरू व्हायच्या आधी पार्कमधल्या शेडमध्ये पॉटलक करू, प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायचा, काकांचा सत्कार करू. 'प्रदीर्घ सेवा', 'मोलाचं योगदान', असे शब्द आले की माणसाला आपोआप कळतं. सगळ्यांना हे फार सभ्य वाटलं. चारुता एकटी म्हणाली, "यार, डायरेक्ट सांगा ना. काकांना राग नाही येणार." तिचं वय लहान आणि टीममध्ये नवीन, म्हणून तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

सत्कार झक्क झाला. पैठणी काठाची शाल, नारळ, वर सोनेरी बॅट लावलेलं स्मृतिचिन्ह. प्रत्येकाला दोन शब्द बोलायचे होते आणि मराठी माणूस दोन शब्दांवर कधी थांबत नाही. काकांनी कुठला कॅच कसा घेतला, कोणाला कसं घडवलं, ते नसते तर ही टीम कशी नसती. सगळ्यात शेवटी मी. मी म्हणायचं असं ठरलं होतं, की काका, आता तुम्ही खुर्चीत बसून आम्हाला मार्गदर्शन करा. मी उठलो, काकांकडे पाहिलं. शाल खांद्यावर, नारळ मांडीवर, डोळे ओले. माझ्या तोंडून निघालं, "काका, तुमच्याशिवाय शॉर्टस्टॉपची कल्पनाच करवत नाही." टाळ्या पडल्या.

काका उत्तराला उभे राहिले. त्यांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, परत ठेवला. मग म्हणाले, "खरं सांगतो, मी आज सोडतो म्हणून सांगायला आलो होतो. गुडघा साथ देत नाही, हीही सहा महिने सोडा म्हणून मागे लागली आहे. पण तुम्ही सगळे एवढं बोलून राहिले... आता कसा सोडू? खेळतो अजून दोन वर्षं."

पुन्हा टाळ्या पडल्या. दुसरं काय करणार? मी काकूंकडे पाहायचं टाळलं, पण त्यांनी मला पार्किंग लॉटमध्ये गाठलंच. श्रीखंडाचा रिकामा डबा माझ्या हातात दिला आणि शांतपणे म्हणाल्या, "प्रताप, मी त्यांना कसंबसं तयार करून आणलं होतं रे." मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सीझन सुरू झाला. आणि नवल म्हणजे आम्ही जिंकायला लागलो. काका शॉर्टस्टॉपला, चारुता मागे. काकांच्या बाजूला बॉल गेला की तो फार लांब जायचाच नाही. फार तर एक बेस मिळायचा समोरच्याला, दोन कधी नाही. काका मॅच संपल्यावर चहा पिताना म्हणायचे की या वर्षी हात परत बसलाय. आम्ही माना डोलवायचो. खरी गोष्ट आम्हाला मैदानातून दिसत होती आणि काकांना दिसायची सोय नव्हती, कारण ती त्यांच्या पाठीमागे घडत होती. बॅटला बॉल लागायच्या आधीच चारुता पुढे धावत सुटलेली असायची. काकांच्या पायांमधून, बगलेतून, डोक्यावरून जे निसटेल ते ती उचलायची आणि काका वळेपर्यंत फेकून मोकळी व्हायची. एकदा मी तिला थँक यू म्हटलं, तर ती खांदे उडवून म्हणाली, "मला पळायला आवडतं. पण हे बरोबर नाहीये, प्रतापदादा."

जुलैत तिच्या भावाचं लग्न निघालं आणि ती जळगावला गेली. लग्न वेळेत लागलं, पण व्हिसाचा शिक्का मिळेना. एक रविवार गेला, दुसरा आला. लेफ्टला मी विष्णूला ठेवलं. विष्णू माणूस चांगला, पण तो जिथे उभा केला तिथेच उभा राहतो.

त्या दिवशी काकांच्या बाजूचा पहिला बॉल थेट कुंपणाला जाऊन लागला. दुसराही. बॅटिंग करणाऱ्यांनी ते बरोबर हेरलं आणि मग सगळेच तिकडे मारायला लागले. बॉल सुटला की काका वळून बघायचे. आधी नुसते बघायचे, नंतर कमरेवर हात ठेवून बघत राहायला लागले. विष्णू धापा टाकत कुंपणाकडे पळतोय, समोरचे लोक एकामागून एक शेवटच्या बेसवर, 'होम'ला, पोचून रन काढतायत. त्यातलं काही त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. मला त्यांना हाक मारून बाहेर घ्यावंसं वाटत होतं, पण मी नुसता विष्णूच्या नावाने ओरडत राहिलो.

मॅच संपल्यावर बाकीचे लवकर पांगले. काका बाकावर बसून होते, मी व्हॅनमध्ये बॅगा टाकत होतो. त्यांनी मला बोलावलं आणि शेजारी बसायला सांगितलं. काकू जरा पलीकडे खुर्चीत होत्या. त्यांनी थर्मासचं झाकण लावलं आणि तशाच बसून राहिल्या.

काकांनी विचारलं, "हे सगळे बॉल आजच सुटले, की रोजच सुटतात?"

मी म्हटलं, "रोज."

"ती पोरगी उचलते."

"हो."

ते थोडा वेळ ग्लव्हची चामडी वादी ओढत राहिले. मग म्हणाले, "आणि तो सत्कार? तो याच्यासाठीच होता का?"

त्यावर माझ्याजवळ बरीच सभ्य उत्तरं तयार होती. सत्काराच्या दिवशीही होती. मी म्हटलं, "हो, काका."

"मग बोलायचं ना बे. त्या दिवशी तर मी सोडूनच आलो होतो."

ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांना लाज वाटत होती, आणि ती लाज आम्ही आणली होती. त्यांना नुसतं हरू दिलं असतं तरी चाललं असतं. आम्ही त्यांना सगळ्या गावासमोर जिंकल्यासारखं फिरवलं. मी माफी मागितली. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, उठले आणि काकूंची खुर्ची घडी करून गाडीत ठेवली.

पुढचे रविवार ते आले नाहीत. चारुता परत आली तेव्हा मला त्यांचा फोन आला. त्यांना एक इनिंग हवी होती, फक्त एक, आणि कोण कुठे उभं राहणार हे ते सांगणार होते. मी म्हटलं, तुम्ही सांगाल तसं.

त्यांनी चारुताला शॉर्टस्टॉपला उभं केलं आणि स्वतः तिच्या मागे, लेफ्टला गेले. ती म्हणाली, "काका, सॉरी, मी तुम्हाला आधीच सांगायला पाहिजे होतं." ते म्हणाले, "तू खेळ."

पहिला बॉल जोरात तिच्या डावीकडे आला. मी काकांकडे बघत होतो. बॅटला बॉल लागायच्या आधीच ते पुढे निघाले होते, लंगडत, ग्लव्ह जमिनीजवळ धरून, अगदी ती धावायची तसे. चारुताने तो वाटेतच उचलून अमितकडे फेकला. दुसरा बॅट्समन आला. काका पुन्हा निघाले, पुन्हा मध्येच थांबले, मागे आपल्या जागी गेले. तिसऱ्याने सरळ तिच्या छातीवर मारला. तोही तिने झेलला. काका तेव्हाही चार पावलं पुढे आलेले होते.

तीन आउट झाले, इनिंग संपली. ते चालत बाहेर आले आणि काकूंच्या शेजारी बसले. काकूंनी कपात चहा ओतून दिला आणि कसं झालं म्हणून विचारलं.

"हिच्या मागे उभं राहायला काही कामच नाही," काका म्हणाले. "माझ्या मागे तिला श्वास घ्यायला फुरसत नव्हती."

मग त्यांनी कप खाली ठेवला, वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या आणि दोन्ही बूट माती झटकून बॅगेत भरले. चारुता रडत होती. निदान सत्काराचं तरी कोणी नाव काढलं नाही.