सासूच्या म्हाळादिवशीचा मुका

प्रभावतीच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली, आणि मग भाद्रपदातल्या एका सकाळी दहा वाजता नवऱ्याने तिचा मुका घेतला. ओठांवर. शेगडीवर तेल तापलेलं, पहिला वडा कढईत, आणि तो वडा सासूच्या म्हाळाचा, म्हणजे पितृपक्षातल्या श्राद्धाचा.

झालं ते एवढंच. अनंतने परसातून केळीची पानं कापून आणली. ती घ्यायला प्रभावती वळली, दोन्ही हात पिठाचे, आणि हा पुढे वाकला. काय होतंय ते कळेपर्यंत होऊनही गेलं. तिने आधी पदराने तोंड पुसलं आणि मग म्हणाली, "उष्टा केलात."

अनंतने पानं ओट्यावर ठेवली आणि बाहेर गेला. थोड्या वेळाने टॅक्सी पुसल्याचा आवाज येऊ लागला. ती टॅक्सी त्याने सकाळीच पुसली होती.

आता प्रभावती काही कोकरासारखी बाई नव्हे. तिचं माहेर मुळगावचं. अनंत तेव्हा तिथे खाणीवर ट्रक चालवायचा. खाण बंद पडली तेव्हा हा तिला घेऊन हरमलला समुद्राकाठच्या आपल्या घरी परतला आणि टॅक्सी चालवू लागला, आणि तिनेच मागच्या दोन खोल्या नीट करून भाड्याने द्यायला काढल्या. पंधरा वर्षं ती परदेशी पाहुण्यांच्या चादरी बदलते आहे. तिच्या व्हरांड्यात किती जोडप्यांनी किती मुके घेतले त्याची गणती नाही. तिला त्याचं काही वाटत नाही. माणसं शिंकतात तशी ही माणसं मुके घेतात, असं तिने धरूनच टाकलं होतं. आणि स्वतःच्या संसारातही काही कमी नव्हतं. दोन मुलं झाली, ती काय देवळात नवस बोलून नुसती मिळाली नाहीत. पण सगळं अंधारात, बिनबोलता. दिवसाउजेडी, ओठांवर, हातात केळीची पानं घेऊन, हे कधी नव्हतं.

पहिला घोळ झाला तो वड्यांचा. म्हाळाचं जेवण पितरांना दाखवल्याशिवाय कोणी तोंडाला लावत नाही. मीठ बरोबर आहे की नाही तेसुद्धा नुसत्या वासावरून ठरवायचं. मग हे तोंड लावणं झालं की नाही? तिने काही खाल्लं नव्हतं. पण तोंडाला तोंड लागलं होतं. तिने सासूच्या तसबिरीकडे पाहिलं. सासू हयात असताना कोणत्याही गोष्टीवर तिचं मत घरभर ऐकू यायचं; आता तसबिरीत नुसती बघत होती. प्रभावतीने चूळ भरली, हातपाय धुतले, आणि पुढचे वडे थापले. वाटाण्याचं सांबार, अळवाची भाजी, खीर, सगळं केलं, पण मन थाऱ्यावर नव्हतं.

दुसरा घोळ याहून वाईट. दहा दिवसांपूर्वी अनंत छातीत दुखतं म्हणून म्हापशाला इस्पितळात जाऊन आला होता. "काय नाय, पित्त," एवढं बोलला आणि रिपोर्टाचा कागद गाडीतच ठेवला. त्या दिवसापासून गप्प गप्प असायचा.

निलेशची बायको, सून सिद्धी खोबरं खवत बसली होती. प्रभावतीने आडपडदा न ठेवता मुक्याबद्दलच विचारलं, "सिद्धी, घोवान बायलेचो उमो घेतलो तर त्येचो अर्थ काय?"

सिद्धीचा चेहरा पडला. "आई, तो नुसता पेक होता. निलेश ड्युटीवर निघाला होता. जिन्याखाली कोणी नाही असं वाटलं."

"तुमचा नाय विचारूक."

"मग कोणाचा?"

"कोणाचोय असांदे. पेक म्हणजे काय?"

सिद्धीला हायसं वाटलं आणि ती सांगत सुटली. टेकवला न टेकवला तो पेक, तो कामावर जाताना द्यायचा. लांबला तर स्मूच. गालावरची पप्पी, ती रुसवा काढायला. "त्याच्यापुढचं तुम्हाला नको."

"अर्थ सांग म्हणतंय मी, नावां नको."

"रोजच्याला काय अर्थ असणार, सवय असते. पण एखाद्याने कधीच घेतला नसेल आणि एकदम घेतला, तर मग काहीतरी असतं."

"काय असता?"

"काहीतरी लपवत असतो. नाहीतर लांब कुठेतरी जात असतो. मोपाला बघा ना, विमानतळाच्या दारात सगळे निरोपाचेच घेतात."

प्रभावती आत गेली आणि पाणी प्यायली. लांब कुठेतरी म्हणजे कुठे? अनंत रोज मोपापर्यंत जातो आणि संध्याकाळी परत येतो. त्याच्याकडे पासपोर्टसुद्धा नाही. मग छातीत दुखणारा माणूस जाऊन जाऊन जाणार कुठे, हा विचार तिच्या डोक्यात शिरला, आणि शिरला तो निघेना.

बाराला म्हाळ झाला, भटजी दुसऱ्या घरी गेले. कावळ्याची वाडी, म्हणजे सगळ्या जेवणातलं थोडं थोडं वाढलेलं पान, चिऱ्याच्या बुटक्या कुंपणभिंतीवर, गडग्यावर ठेवलं. कावळा शिवल्याशिवाय घरात कोणी जेवायचं नाही. आणि कावळा येईना. समोरच्या माडावर दोन बसले होते, तिथूनच बघत होते.

दीड वाजला. तेरेखोलहून आलेली थोरली नणंद गंगा गडग्यापाशी उभी राहून मेलेल्या आईची समजूत घालू लागली. या भागात कावळा शिवेना तर असंच करतात. गेलेल्या माणसाची काय इच्छा राहिली असेल ती पुरी करू म्हणून मोठ्याने वचन द्यायचं.

"आये, निलेशचा लगीन झाला, सून बरी आसा. काळजी करू नको. आये, खोलयेंक रंग काढतत हे लोक दिवाळयेक." कावळे ढिम्म. "आये, तुझा लोणच्याचा भरना फुटला ता मांजरान नाय, मियां फोडलंय." तरी ढिम्म. गंगा मागे वळली. "गो प्रभा, तुमी कायतरी केलात. आवस रागान आसा."

 टॅक्सीपाशी उभ्या असलेल्या अनंतकडे प्रभावती गेली.

"तुमी सांगा आवशीक. परत करूचंय नाय म्हणान."

"काय परत करूचंय नाय?"

"ता."

"ता म्हणजे काय? नाव घे."

नाव कुठलं घेणार? उमो घ्यायचा तो पाळण्यातल्या मुलाचा. चुंबन वाचनालयाच्या कादंबरीत असायचं, आणि तेही शेवटच्या पानाजवळ. चुम्मा म्हणजे टवाळ पोरांचं बोलणं. किस पाहुण्यांचा, पेक सिद्धी-निलेशचा. सासूपुढे मोठ्याने म्हणता येईल आणि शिवाय खरंही असेल असा शब्द काही तिला सापडेना.

"तुमका ठाऊक आसा काय ता," ती म्हणाली. "लोक उपाशी आसत. सांगा आणि सोडवा."

अनंत गडग्यापाशी गेला. माडाकडे पाहिलं, मग पानाकडे, आणि घसा खाकरून बोलू लागला. बायकोशी गेल्या दहा दिवसांत मिळून तो इतकं बोलला नव्हता.

"आये, आयक. मी म्हापशाक गेल्लंय ना, तेव्हा माका वाटला आता संपला. बाकड्यार बसान होतंय, नंबर येय सर. हिका काय एक कधी सांगूक नाय, इतक्याच मनात येय. मगे डॉक्टर म्हणालो, पित्त. घराक इलंय तरी सांगूक जमाना. दहा दिस मी गाडी घेवन मोपाक जातंय आणि येतंय. थंय लोक कसे पटकन करून मोकळे जातत. आज पाना दिताना माका जमला. तुझ्या वड्यांवेळी जमला, ही माझी चूक. पण परत करूचंय नाय असा वचन मी दिवचंय नाय."

"काय जमला? काय केलंस रे तू?" गंगाने विचारलं. सिद्धी तोंडावर ओढणी धरून उभी होती.

"तो कागद खंय आसा?" प्रभावतीने विचारलं.

अनंतने गाडीतून रिपोर्ट आणला. तिला त्यातलं अक्षर कळेना, सिद्धीने वाचला. पित्तच होतं. प्रभावतीने कागद दोनदा उलटून मागे काही लिहिलंय का बघितलं.

"इतके दिस माका मारलात," ती म्हणाली. "तोंड होता ना बोलूक?"

"तोंडानच सांगलंय," अनंत म्हणाला. "तू पुसलंस."

प्रभावतीने कागदाची घडी घातली, तेवढ्यात सिद्धी म्हणाली, "आई, पान."

गडग्यावर पान वाकडं झालं होतं. वडा गेला होता, खीर सांडली होती. कावळा कधी आला आणि कधी गेला, चौघांपैकी कोणी पाहिलं नाही. गंगा म्हणाली, आईने लोणच्याची बरणी फोडल्याची कबुली ऐकून माफ केलं. अनंतला वाटलं, त्याचं बोलणं पटलं. प्रभावतीला यातलं काहीच नक्की सांगता येईना. पण सगळ्यांना भूक लागली होती, म्हणून तिने पानं मांडली.

जेवताना तिने अनंतच्या पानात दोन वडे वाढले, मग आणखी एक. त्याने वर पाहिलं नाही, पण तिन्ही खाल्ले.

हात धुताना ती सिद्धीच्या जवळ सरकली. "आणि घेतल्यार मगे काय करूचा असता?"

"परत द्यायचा, आई."

"लगेच?"

"तसं काही नसतं. जमेल तेव्हा. उद्या दिला तरी चालतो."

प्रभावतीने बाहेर पाहिलं. अनंत पायरीवर बसून दात कोरत होता, सकाळपेक्षा बराच मोकळा दिसत होता. गंगा अजून त्याच्याकडे संशयाने बघत होती.

"आज म्हाळ आसा," प्रभावती म्हणाली आणि खरकटी पानं उचलायला वाकली. "आणि वन्सं घरात आसत. फाल्यां बघतंय."