आप्पांच्या गाडीचा अर्थ

आप्पा उन्हाळ्यात गेले आणि त्यांची गाडी पावसाळाभर निपाणीच्या घरासमोर ताडपत्रीखाली उभी राहिली. दसऱ्याला ताडपत्री काढली तर बॅटरी पार बसलेली. नवी बसवून घेतली. ती बसवताना कुठलीतरी तार सुटली आणि टेपची आठवण गेली. म्हणजे पूर्वी गाणं जिथं थांबायचं तिथूनच पुढं लागायचं, ते बंद झालं. किल्ली फिरवली की टेप पहिल्यापासून सुरू. पुढं जे झालं ते या एका तारेपायी झालं, म्हणून आधीच सांगून ठेवते.

मी बेळगावात हायस्कूलला विज्ञान शिकवते. शनिवारी शाळा सुटली की अव्वाकडे निपाणीला जाते. आईला आम्ही अव्वाच म्हणतो, ती गोकाककडची. आप्पा आम्हा मुलांशी मराठीत बोलायचे आणि तिच्याशी कानडीत. तिच्याशी मराठीत बोलले तर ते रागावलेत असं समजायचं.

आप्पांना गाडीत गाणी मोठ्यानं लागायची. ऊस घेऊन कारखान्याला निघालेल्या ट्रॅक्टरवाल्यांच्या तोडीस तोड. सत्तरी ओलांडलेल्या माणसानं डिकीत अँप्लिफायर आणि भलामोठा स्पीकरचा खोका स्वतःच्या हातानं बसवला होता आणि त्यावर फक्त भजनं ऐकायची! टेपची बटणं केव्हाच मेलेली, रिमोट हरवलेला, पेन ड्राईव्हची शेपटी तुटून ती टेपातच रुतून बसलेली. आवाज कमी करता येत नाही, गाणं मागं नेता येत नाही, पेन ड्राईव्ह काढून दुसरीकडं लावता येत नाही. आप्पांचं कशावाचून अडत नव्हतं.

दिवाळीच्या आधी अव्वाला डॉक्टरांकडे न्यायचं होतं. ती शेजारच्या सीटवर बसली. मी किल्ली फिरवली. आधी नुसता वारा वाहिल्यासारखा आवाज आला. मग आप्पा बोलले.

"नी बा..."

मागून धाड्‌कन दणका बसला आणि सगळं गप्प झालं.

डिकीत अँपचा हिरवा दिवा जाऊन लाल लागला होता, तो आरशात दिसत होता. टेपच्या काचेवर मात्र सेकंद पुढं पळत होते. म्हणजे आप्पा आत बोलतच होते. फक्त आम्हाला ऐकू येत नव्हतं. आकडे थांबले, भजन लागल्याचं काचेवर दिसलं, आणि कोपऱ्यावरच्या स्पीडब्रेकरला गाडी आदळल्यावर अँप पुन्हा जागा झाला. टाळ वाजायला लागले. अव्वा खिडकीबाहेर बघत होती.

"बंदे री," ती हळूच म्हणाली. आले हो.

कानडीत बा म्हणजे ये. नी बा, तू ये. बायकोला हाक मारायची तर आप्पा असंच म्हणायचे.

मला भुताखेतांचा राग येतो. भीती नव्हे, राग. त्यामुळं उलगडा मी त्याच दिवशी करून टाकला. आप्पांच्या फोनमध्ये प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड होत होता, हे त्यांच्या गावीही नसावं. निपाणीच्या दुकानात पेन ड्राईव्हवर गाणी भरून घेताना दुकानदारानं फोनमध्ये होतं नव्हतं ते सगळं तिच्यात ओतलं. त्यातला एक कॉल सगळ्यात वर जाऊन बसला. आणि आप्पा फोन जवळजवळ तोंडात घालूनच बोलायचे. ब म्हणताना ओठांतून सुटलेला वारा फोनवर आदळायचा, डिकीतल्या खोक्याला तो ढोल वाटायचा, आणि अँप एवढा भार न सोसून बंद पडायचा. भजनात ढोलकी चढली की तेव्हाही पडायचा. हे सगळं मी अव्वाला नीट समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"मग पहिलाच शब्द त्यो का आला?" ती म्हणाली. "एवढी भजनं हाईत की आत."

त्यानंतर तिची रीतच झाली. मी शनिवारी पोचले की पाणी द्यायच्या आधी म्हणायची, "गाडी चालू कर गं जरा." कुठं जायचं नसायचं. ती ठेवणीतली साडी नेसून पुढच्या सीटवर बसायची. किल्ली, वारा, नी बा, दणका. मग आकडे पळायचे आणि अव्वा त्या आकड्यांकडे मान हलवत बघायची, समोरचं माणूस काहीतरी सांगतंय आणि आपण ऐकतोय अशी. एकदा ती हसली. मला तिथून उठून पळावंसं वाटलं होतं.

पहिल्यांदा तिनं साखर सोडली. आम्हा जैनांत रस सोडणं नवीन नाही, दूध, दही, तूप, तेल, साखर, मीठ यांतलं काही ना काही कुणीतरी सोडतंच. मी लक्ष दिलं नाही. मग दूध सुटलं, तूप सुटलं. कार्तिक संपता संपता तिनं मीठ सोडलं आणि मी घाबरले. ताटातली ज्वारीची भाकरी आणि अळणी आमटी ती औषधासारखी गिळायची. खरी औषधं मात्र डबीत तशीच पडून होती. ठेवणीतल्या साड्या एक-एक करून नात्यातल्या बायकांकडे जायला लागल्या. शेवटी तिनं सांगितलं की तवंदीला मुनी महाराजांचा मुक्काम आहे, येत्या रविवारी घेऊन चल, नियम घ्यायचाय.

"कसला नियम?"

"ह्याच्याफुडचा."

ह्याच्यापुढचा म्हणजे कुठला, ते मला कळत होतं: सल्लेखना, अन्नपाणी सोडून देह ठेवायचा. माझी आजी त्या वाटेनं गेली, पण तिचं शरीर आधीच थकून संपलं होतं आणि सगळ्या घरानं तिला हात जोडले होते. अव्वाला काय झालं होतं? थोडा बीपी. माझ्यापेक्षा भराभर चालते ती. धर्माशी माझं भांडण नव्हतं. माझं भांडण एका अर्ध्या शब्दाशी होतं, आणि महाराजांना तो अर्धा शब्द ठाऊक असता तर त्यांनीही तिला परत पाठवलं असतं असं मला आजही वाटतं.

शुक्रवारी रजा टाकून मी तिला त्याच गाडीतून बेळगावात आणलं आणि गाडी एका टेपवाल्याकडे घातली. त्यानं फ्यूज बदलला, बॅटरी तपासली, डिकीत वाकून बराच वेळ खाटखुट केलं. किल्ली फिरवली. नी बा, दणका. तो दचकून मागं सरला.

"कुणाचा आवाज ह्यो?"

"वडिलांचा. गेले ते."

त्यानं एकदा टेपकडं, एकदा अव्वाकडं बघितलं. मग अर्थिंगच्या तारेबद्दल बोलायला लागला, तिला तोही आमच्याकडच्या सगळ्यांसारखा अर्थच म्हणतो. "आक्का, अर्थ लागंना झालाय. आप्पांनी तार कुठं नेलीया गावंना. सगळंच काढतो, टेपबी नवा घाला."

अव्वानं खिडकीतून मान बाहेर काढली. "मला लागलाय अर्थ," ती म्हणाली.

टेपवाला हसला नाही. मीही नाही. टेप काढला असता तर रुतलेली पेन ड्राईव्ह मोडली असती आणि आप्पांचं वाक्य कायमचं त्या एका शब्दापाशी राहिलं असतं. मी गाडी तशीच परत घेतली.

शनिवारी शाळेच्या प्रयोगशाळेतला मल्टिमीटर पर्समध्ये घालून मी अव्वाला घेऊन निपाणीला आले. दुपारच्या उन्हात गाडीची डिकी उघडून बसले. अव्वा पायरीवर बसून हरभरा निवडत होती, स्वतः खाणार नसलेला. बॅटरीपाशी बारा व्होल्ट पुरेपूर होते. अँपपाशी ढोलकी वाजली की काटा धपकन खाली. लाल तार ठीक होती. म्हणजे काळी, तीच अर्थाची. ती मी बोटानं चाचपत गेले, खोक्यामागून, जाजमाखालून, स्टेपनीच्या खड्ड्यात. तिथं आप्पांचा स्क्रू सापडला. डिकीच्या पत्र्याला त्यांनी तो आवळला होता, पण पत्र्यावरचा रंग न खरवडता! रंगावर वीज कशी धरणार? स्क्रूच्या दातांनी खरचटलं होतं तेवढ्याच पत्र्यावर सगळा कारभार चालला होता, आणि पावसाळ्यात तिथंही गंज धरला होता. शिवाय तार सुटू नये म्हणून वरून पांढऱ्या धाग्याची गाठ. जानव्याच्या धाग्याची. जुनं जानवं टाकवत नाही म्हणून ते त्याचा दोरा कशालाही वापरायचे. ती गाठ बघितल्यावर मला तिथंच डिकीत तोंड खुपसून रडू आलं. आप्पा, एवढा मोठा खोका बसवलात, जरा पॉलिश पेपर मारला असता तर काय झालं असतं!

मी पत्रा घासला. चांदीसारखा उघडा पडेपर्यंत घासला. स्क्रू आवळला, गाठ परत बांधली.

आणि मग मात्र माझी किल्ली फिरवायची छाती होईना. पुढं खरंच "ये" असेल तर? नी बा, लवकर बा, असं काही असेल तर? उद्या रविवार होता. तोडता येणारी गोष्ट मी स्वतःच जोडून ठेवली होती.

अव्वा हरभऱ्याचं सूप बाजूला ठेवून उठली आणि येऊन सीटवर बसली. पदर सारखा केला.

"चालू कर."

वारा वाहिला. आता तो वारा नव्हताच, पाऊस होता, पत्र्यावर पडणारा. शेतातल्या शेडचा पत्रा. खोका घुमला, आरशात हिरवा दिवा तसाच राहिला, आणि आप्पांचा आवाज पुरा गाडीभर झाला.

"नी बरब्याड. मळी भाळ अद. नान बर्तीनि. बागला तगदिडु."

तू येऊ नको. पाऊस लई हाय. मीच येतो. दार उघडं ठेव.

शेवटी अव्वाचाच आवाज आला, लांबून, चिरका: "हूं री." आणि भजन लागलं.

बा नव्हतंच ते. बरब्याड होतं, येऊ नको. कानडीतला तो ब आमच्या कानाला निम्मा बा वाटतो, आणि त्यावर दणका बसून पुढचं तुटलं की पुरता. पण अव्वाचे कान तर कानडीच. तिला कसं कळलं नाही? मी तिच्याकडं बघितलं. ती रडत नव्हती. कपाळाला आठी घालून, काहीतरी विसरलंय आणि ते आता आठवतंय अशी बसली होती.

"त्या रोजी शेताकडं डबा घिऊन निघालते मी," ती म्हणाली. "छत्री बी घेतलती." मग गाडीतून उतरली आणि चपला न घालताच आत गेली.

दिवस मावळायच्या आत आम्ही जेवायला बसलो. आमटीचा पहिला घास घेतला आणि मी थांबले. मीठ होतं. चांगलंच होतं, नेहमीपेक्षा चिमूटभर जास्त, आप्पांना लागायचं तेवढं. अव्वा स्वतःच्या ताटातली आमटी भाकरीबरोबर खात होती, घाईघाईनं, भूक लागलेल्या माणसासारखी. जेवण झाल्यावर तिनं डबीतली गोळी काढून पाण्याबरोबर घेतली.

"उद्या तवंदीला?" मी विचारलं.

"नगं. घरात कुणीतरी पायजे की." पातेल्यात तिनं एका माणसाची आमटी झाकून ठेवली होती.

मला आनंद झाला, खूप झाला, आणि त्याच वेळी अंगावर काटाही आला. भांडी आवरून मी पुढचं दार लावायला गेले. कडीला हात घातला.

"राहू दे गं," ती आतून म्हणाली.

त्याला आता वर्ष होत आलं. अव्वा सगळं खाते, गोळ्या घेते, लग्नाकार्याला गेले नाही की मला बोलणीही बसतात. अँप त्यानंतर एकदाही बंद पडला नाही. शनिवारी मी निपाणीला पोचते तेव्हा दार लोटलेलं असतं, कडी नसते. शेजारणी मला दबक्या आवाजात सांगतात, म्हाताऱ्या माणसाला समजव, दिवस वाईट हाईत. मी हो म्हणते. विज्ञान शिकवते मी, समजवायला मला येतं.

तिथं रात्री पाऊस असला की मी झोपायच्या आधी एकदा उठून बघते. कडी लागलेली दिसली, तर काढून येते.