प्रवाळातले किडे, मुक्काम नगर

आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात किस्से जमवावे लागत नाहीत, कपाटातल्या बरण्यांसारखे ते आपोआप साठत जातात! त्यात जयश्री पीएचडीला आली आणि जागाच पुरेना. पोरगी तिसगावची, विषय समुद्रातला: प्रवाळ पोखरून आत राहणारे किडे. गाईड मी! समुद्र नगरहून किती लांब आहे, याची आठवण सहकारी मला रोज करून देत.

*

रीतसर परवानगी काढून तिनं मालवणहून मेलेल्या प्रवाळाचे तुकडे आणले, समुद्राच्याच पाण्यात बुडवून, कॅनमधून. एसटीत कंडक्टरनं विचारलं, "काय हाय ह्यात?"

"दगड."

कंडक्टरनं कॅन हलवून बघितला. "ताई, नगर जिल्ह्यातले संपले का?"

*

किडा काढायचा तर दगड फोडायचा. पण छिन्नी लागली की किड्याचे दोन तुकडे, आणि अर्धा किडा ओळखता येत नाही! दोन खेपा अशाच वाया गेल्या. तिसऱ्या खेपेला जयश्री म्हणाली, "मॅडम, मला नाही जमणार." आणि सरळ गावी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी आमचे लॅब अटेंडंट शेखमामा यांनी उरलेले तुकडे, वास येतोय म्हणून, चक्क नळाच्या पाण्यात भिजत घातले! मी ओरडले. मामांनी शांतपणे बरणी पुढं केली. गोड्या पाण्यानं कासावीस होऊन किडे आपणहून बाहेर आले होते. अख्खे! मामांनी ते चहाच्या गाळणीनं गाळून ठेवले होते. सतरा!

मी जयश्रीला फोन लावला. मागून मामा म्हणाले, "तिला म्हणावं, येताना गाळणी आण. आता चहा कशानं गाळू?"

*

जयश्रीचे वडील, दादा, डाळिंब पिकवतात. लॅबमध्ये पहिल्यांदा आले ते तणतणतच. "आमी किडं मारायला फवारतो, आन् ही किडं जपती!"

जयश्रीनं त्यांना मायक्रोस्कोपपाशी बसवलं. ते बराच वेळ बघत राहिले.

"ह्यो तर आपला खोडकिडाच की गं! पर धडक्या झाडाला किडा लवकर धरत न्हाई. आदी झाड थकतं. तितलं पानी बिघडलंय का बघ."

जयश्रीच्या प्रबंधाचा मुख्य प्रश्न तोच होता!

*

केडगावचे पाहुणे तिला बघायला आले होते. जाताना दारात म्हणाले, "मुलगी चांगली आहे, पण डोक्यात किडा आहे."

दादा म्हणाले, "डोक्यात न्हाई, बरणीत. आन् एक न्हाई, सतरा हाईत!"

*

शेवटच्या खेपेला दादाही मालवणला आले. समुद्र आयुष्यात पहिल्यांदाच बघत होते. होडीत मी, दादा आणि होडीवाला. जयश्री मास्क लावून, श्वास रोखून पाण्याखाली जायची, प्रवाळाचे फोटो काढून वर यायची. चौथ्यांदा ती जरा जास्तच वेळ खाली राहिली. माझं लक्ष दादांकडं गेलं. चेहरा लालबुंद, गाल फुगलेले, होडीची कड गच्च धरलेली!

होडीवाला घाबरला. "काकानू, तुमी तरी श्वास घेवा!"

दादांनी हातानंच त्याला थांबवलं.

जयश्रीचं डोकं पाण्याबाहेर आलं. दादांनी भस्सकन श्वास सोडला. मग होडीवाल्याकडं वळून म्हणाले,

"लेक खाली असताना मी कसा घिऊ?"