खांबाशेजारची जागा

नाईलकाठच्या आमच्या मिन्या शहरातल्या चर्चमध्ये कोण कुठे बसेल ते मी ठरवतो. टोपल्या विणणारा बिश्रा पायांनी अधू, चाकांच्या खुर्चीतून यायचा. वाट अडते म्हणून मी त्याला मागच्या खांबाशी बसवलं आणि वर ‘तुझ्याच सोयीसाठी हो!’ म्हणून मोठेपणाही घेतला. त्या गोष्टीला अकरा वर्षं झाली.

प्रार्थनेत शेजाऱ्याच्या हाताला हात लावून शांती द्यायची असते. परवाच्या रविवारी मी सहज मागे वळलो, तर बिश्रा हात पुढे करून बसलेला, आणि शेजारी कुणीच नाही.

मी धावलो. “अरे, बोलायचंस तरी!”

“खांबाशी संसार केला काका,” तो हसला, “बोलायची सवयच गेली.”

मी त्याचा हात धरला. शांती द्यायची होती. पण माझ्याकडे ती होती कुठे?